अनुभव धागा : परदेशातली मिशनसेवा आणि घरी परतणं

प्रभूच्या नावाने सगळ्यांना सलाम.

हे गेल्या वर्षी प्रभूच्या घरी गेले. नाना पेठेतल्या घरात माळ्यावर ठेवलेली त्यांची ट्रंक मी परवा पहिल्यांदा उघडली. आत डायऱ्या, स्वाहिली पवित्र शास्त्र (बायबल) आणि एका शेतकरी बाईनं निरोपाला दिलेला खांगा, म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. १९९८ ते २००९ अशी अकरा वर्षं आम्ही टांझानियात डोडोमाच्या बाजूला होतो. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होऊ घातलेल्या तरुणांना हे शिकवायचे. मी बायकांना शिवण शिकवायची.

तो मुलूख कोरडा. गोरखचिंचेची अजस्र झाडं आणि ज्वारी-बाजरीची शेतं. माझं माहेर नगरकडचं. पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड पुढे केली आणि मला रडू आलं. भाकरी नव्हती, पण वास आमच्याच चुलीचा होता. दुकानाला ते 'दुका' म्हणत, गाडीला 'गारी', चपातीला 'चपाती'. उपासना संपली की लोकांनी दान म्हणून आणलेली कोंबडी, अंडी, भोपळे यांचा अंगणात लिलाव व्हायचा. थेट आमच्या गावचा कापणीचा सण! फक्त तो वर्षातून एकदा, हा वरचेवर. आपण काही द्यायला आलोय ही माझी समजूत त्या अंगणातच गळून पडली. दोन अंडी आणणाऱ्या म्हातारीच्या घरात तिसरं अंडं नाही, हे मला माहीत असायचं.

आणखी एक शब्द तिथून घेऊन आले, 'पोले'. कष्टात, दुखण्यात, दमलेल्या माणसाला म्हणायचा. दार-एस-सलामहून बसनं आम्ही परतलो की भेटेल तो म्हणायचा, "पोले ना सफारी". प्रवासाचे हाल झाले ना तुमचे, असा त्याचा भाव.

२००९ मध्ये कायमचे पुण्याला आलो, तेव्हा असं कुणी म्हटलं नाही. दोष कुणाचाच नाही, घरी परतलेल्याला आपल्याकडे असं म्हणत नाहीत. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष द्यायला, देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, पंधरा मिनिटं मिळाली. सिंह पाहिला का, किती बाप्तिस्मे झाले, असं लोकांनी प्रेमानं विचारलं. अकरा वर्षांतल्या मलेरियाबद्दल, तिथे पुरलेल्या विद्यार्थ्यांबद्दल, हे रात्री अंगणात गप्प बसून राहायचे त्याबद्दल बोलायला जागाच नव्हती. हे शेवटपर्यंत बोलले नाहीत. डायरीत मात्र सगळं लिहून ठेवलं आहे.

म्हणून हा धागा. जे साक्षीत बसलं नाही ते इथे लिहा. स्वतः गेला असाल, घरचं कुणी गेलं असेल, तुम्ही लहान असाल, कसंही. मोजदाद नको.

पिंपरीहून, निवृत्त फिटर

ताई, सलाम. मी १९९३ पासून दोन वर्षं 'डूलोस' या पुस्तकांच्या जहाजावर इंजिनरूममध्ये होतो. जहाज १९१४ साली बांधलेलं. जगातलं सर्वात जुनं चालू प्रवासी जहाज म्हणून त्याची नोंद होती. वर तीनशेच्या वर माणसं, कितीतरी देशांची, पगार कुणालाच नाही. आमचा खर्च आमची मंडळी आणि मित्र पाठवायचे.

बंदरात जहाज लागलं की लोक पुस्तकं बघायला रांगा लावायचे. मी खाली तेलात. कित्येक बंदरं मला फक्त आवाजानं माहीत आहेत. परत आल्यावर एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "किती जणांना प्रभूकडे आणलंस?" मी मान खाली घातली. आज मात्र सांगतो, ते इंजिन चाललं म्हणून वरची पुस्तकं पोचली. २००९ अखेर जहाजाची सेवा थांबली. आता ते इंडोनेशियात बिंतान बेटावर जमिनीवर उभं आहे, त्याचं हॉटेल केलंय. मुलानं फोटो दाखवला तेव्हा मी आधी त्याची धुराची चिमणी शोधली.

वानवडीहून, परिचारिका

मी २०१५ मध्ये सहा महिने मादागास्करच्या तोआमासिना बंदरात 'आफ्रिका मर्सी' या रुग्णालय-जहाजावर होते. हे जहाज मुळात डेन्मार्कमधली रेल्वेगाड्या वाहून नेणारी फेरीबोट. ते बेनिनला जायचं होतं, पण पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरल्यामुळे २०१४ मध्ये मादागास्करला वळलं. तेव्हा तिथे काम करणाऱ्यांनी राहण्याजेवणाचे पैसे स्वतः भरायचे असत. माझे अर्धे पैसे मंडळीनं दिले आणि बरेचसे माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणींनी, ज्यांतली एकही ख्रिस्ती नव्हती. हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

गळ्याएवढे मोठे गलगंड, दुभंगलेले ओठ, चेहऱ्यावरच्या गाठी. पण सगळ्यात जास्त आठवतात त्या बाळंतपण दिवसेंदिवस अडलेल्या बायका. बाळ गेलेलं, आत भोक पडून लघवी सतत गळणारी, नवऱ्यानं बाहेर काढलेलं. शस्त्रक्रिया होऊन कोरड्या झाल्या की त्यांना नवीन कपडे द्यायचे, नटवायचं आणि गाणी म्हणत सगळ्यांसमोर आणायचं, अशी तिथली रीत. मी तीन वेळा त्यांचे केस विंचरले. आपल्याकडे मुलीची पाठवणी करतात तसं वाटायचं. फरक एवढाच की यांना आम्ही त्यांच्या माहेरी पाठवत होतो.

पण मंडळीत मी हेच सांगितलं आणि दुसरं लपवलं, म्हणून इथे लिहिते. रुग्णांच्या निवडीच्या दिवशी पहाटेपासून रांग असायची. आमच्या हातात नसलेल्या रोगांना 'नाही' म्हणायचं काम कुणाला तरी करावंच लागतं. एक बाप मुलाला पाठीवर घेऊन दोन दिवस चालून आला होता. गाठ कर्करोगाची होती आणि पसरलेली होती. दुभाष्यानं सांगितल्यावर त्यानं माझा हात धरून माझ्यासाठी प्रार्थना केली. त्यानं माझ्यासाठी! मुलाला पुन्हा पाठीवर घेऊन तो निघाला. त्या मुलाच्या पायात एकच चप्पल होती. आजही ओपीडीत कुणाला 'बेड नाही' सांगताना माझा आवाज बसतो.

बिबवेवाडीहून

काकू, मी गेले नव्हते, मला नेलं होतं. आईबाबा दोघं डॉक्टर, नेपाळमध्ये तानसेनच्या मिशन रुग्णालयात. मी पाच वर्षांची होते, साल १९७९. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे अर्थ कळायच्या आधी मला पाट्या वाचता यायच्या. उपासना शनिवारी असायची, कारण तिथे सुट्टीच शनिवारी.

तेव्हा तिथल्या कायद्यानं धर्म बदलणं आणि बदलायला लावणं दोन्ही गुन्हा होता. आईबाबांच्या संस्थेनं सरकारशी केलेल्या करारातच होतं, की रुग्णसेवा करायची, धर्मप्रसार करायचा नाही. त्यांनी तो शब्द पाळला. तरी आमच्या शेजारी बसणारे एक नेपाळी काका श्रद्धेपायी तुरुंगात जाऊन आले होते. इथे 'मिशनरी' म्हटलं की काही लोकांचे चेहरे बदलतात, मला ते दिसतं. त्यांना त्या काकांबद्दल सांगावंसं वाटतं. काकांना कुणी काही दिलं नव्हतं.

दहाव्या वर्षी मला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. आईची पत्रं तीन-तीन आठवड्यांनी यायची. मी आजारी असल्याचं तिला कळेपर्यंत मी बरी झालेली असायचे. ती लोकांच्या मुलांना वाचवत होती हे मला समजत होतं. तरी राग होता आणि तो चाळिशीपर्यंत होता. देवाच्या कामावर रागावता येत नाही, म्हणून तो कुणालाच सांगितला नाही. आईला शेवटच्या आजारपणात सांगितला. ती म्हणाली, "तुला बोर्डिंगला सोडून परत जाताना मी सुनौलीला नेपाळच्या हद्दीवर बसमधून उतरले होते. बाबांनी पुन्हा चढवलं."

नाना पेठ (धागाकर्ती)

बाळा, पोले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

केडगावहून

माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या मुक्तीत, म्हणजे इथल्या मुक्ती मिशनच्या आश्रमात वाढली. उभ्या आयुष्यात दौंडच्या पुढे गेली नाही. १९०५ मध्ये मुक्तीत मुलींची रात्र-रात्र प्रार्थना चालली, त्यात ती होती. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी त्यावर छोटी पुस्तिका लिहिली आणि चिलीत वालपराइसोला असलेल्या आपल्या मैत्रिणीला पाठवली. १९०९ साली तिथल्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीत जे जागरण, म्हणजे श्रद्धेची नवी जागृती, झालं त्याला त्या पुस्तिकेनं चालना दिली. चिलीतल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्या आपलं मूळ त्या जागरणात सांगतात.

मी २००३ मध्ये चार महिने तिथे होतो. पुण्याजवळचा आहे म्हटल्यावर एका वृद्ध पाळकांनी विचारलं, "मुक्ती तिथून किती लांब?" मी म्हटलं, लोकलनं दीड-दोन तास. ते उठून उभे राहिले.

वडगाव शेरीहून

माझी मुलगी सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी आहे, पापुआ न्यू गिनीत, बारा वर्षं झाली. मला टाइप येत नाही, नातू लिहितोय.

तिचे वडील गेले तेव्हा तिला गावातून विमानतळापर्यंत यायलाच दोन दिवस लागले. मातीला पोचली नाही. आली तेव्हा कबरीवरची फुलं सुकली होती. तिनं ती काढू दिली नाहीत.

तिकडे एक शब्द आहे म्हणते, 'वानटोक'. एक बोली बोलणारा तो आपला, त्याला जेवण, निवारा नाकारायचा नाही. त्या देशात आठशेच्या वर भाषा आहेत. सगळ्यांचे वानटोक जवळ असतात, तिचं मराठी बोलणारं तिथे कुणी नाही. म्हणून रविवारी दुपारी फोन लागला की ती देवाचं काही बोलत नाही. आज भाजी काय केली विचारते. मी सगळं सावकाश सांगते, फोडणीपासून.