कयाकला 4 मिमी प्लाय पुरे, जोर कापडावर द्या

खाडीकाठ : सोळा फुटी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, लांबट होडी) बांधायला घेतलीय. फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांधे इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) भरायचे. जो तो सांगतो, 6 मिमी प्लाय घे. मला ते पटत नाही. आपल्याकडच्या आयएस 710 (भारतीय मानक) मरीन प्लायमध्ये गर्जनसारखं जड लाकूड असतं, घनमीटरला साधारण 750 किलो धरा. म्हणजे 8 बाय 4 ची 4 मिमी शीट नऊ किलोच्या आसपास आणि 6 मिमीची साडेतेरा. अशा तीन लागतात. कापून वाया गेलेलं सोडलं तरी दहा किलो जादा! त्यापेक्षा तळाला बाहेरून 200 जीएसएम ग्लास क्लॉथ, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्राम भरणारं काचेच्या धाग्यांचं कापड, रेझिनने चिकटवा. तीन चौरस मीटरला कापड 600 ग्राम, रेझिनसकट दीड-दोन किलो. होडी एकट्याने खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत जायचंय मला.

रंधा : वजनाचा हिशेब बरोबर, पण ताठपणाचं काय? तो जाडीच्या घनाने वाढतो. 6 मिमी ही 4 च्या तिपटीहून जास्त ताठ. आणि स्वस्तातली 4 मिमी शीट कडेने बघा : मधे जाड थर, वरखाली कागदासारखे पापुद्रे. पॉलिशपेपर जरा जास्त फिरला की पापुद्रा गेलाच. अशाच शीटचं माझं होडकं कर्लीच्या खाडीत खडकावर चढलं आणि तळाला आतून चीर गेली. बाहेरून कापड होतं, तरीही.

खाडीकाठ : आतून गेली ना? खडक बाहेरून दाबतो तेव्हा ताण आतल्या बाजूला येतो, आणि तिथे तुमचं कापडच नव्हतं. बाहेरचं कापड कालवांच्या धारेपासून वाचवतं, फुटण्यापासून वाचवतं ते आतलं. म्हणून बसायच्या जागेखाली मी आतूनही 200 चं लावणार. पापुद्र्यांचं मात्र मान्य. सारख्या थरांची ओकूमे (हलक्या आफ्रिकी लाकडाची प्लाय) मिळाली तर तीच घेईन, 4 मिमी शीट साडेपाच किलोच्या आत-बाहेर भरते.

भरतीओहोटी : रेझिनचं आधी ठरवा. बंदरावर फायबरवाल्यांकडे पॉलिएस्टर रेझिन आणि 450 जीएसएमची मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) मिळते. मॅट वजनाच्या दुप्पट रेझिन पिते, तळालाच चार किलो जातील. शिवाय पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही. माझ्या भावाच्या होडीचं अख्खं कापड सालीसारखं निघालं.

रंधा : 1962 पासूनच्या मिरर डिंगी (घरी बांधायच्या छोट्या शिडाच्या होड्या) प्लायच्याच, तारेने शिवलेल्या आणि सांध्यांना पॉलिएस्टरच्या पट्ट्या. हजारोंनी बांधल्या लोकांनी.

भरतीओहोटी : पट्टी सांध्यापुरती असते, दादा. इथे अख्खा तळ मढवायचाय.

रंधा : बरं, रेझिन इपॉक्सीच. पण तळ 6 मिमीचा, बाजू आणि डेक 4 चे. याखाली मी येणार नाही.

खाडीकाठ : नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, फळी पिळावी लागते तिथे 6 मिमी गर्जन तडकेल, ही माझी खरी भीती आहे. रविवारी दोन्ही जाडीचे फूटभर तुकडे घेतो, आतून कापड लावलेले आणि न लावलेले, आणि रेझिन आठवडाभर सुकलं की मोडून बघतो. आकडे इथेच टाकेन.