ओढ्याचं पाणी तपासायला सुरुवात कुठून करायची?

नवखा_निरीक्षक: आम्ही काही जणांनी जवळच्या ओढ्यावर लक्ष ठेवायचं ठरवलंय, पीएच स्ट्रिप (पाण्याचा आंबटपणा बघायची) आणि थर्मामीटर आहे, बाकी काही नाही. एवढ्यावर ओढ्याची तब्येत कळेल का?

पाणकिडा: पीएच फक्त त्या क्षणाचं सांगतो, काल कोणी काही सोडलं नि वाहून गेलं तर कळणारच नाही. त्यापेक्षा दगड उलटून खालचे किडे बघा, ते कित्येक महिने तिथेच राहतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लायची पिल्लं दिसली की मस्त, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. नुसत्या लाल अळ्या नि ट्युबिफेक्स (गांडुळासारखे बारीक किडे) असतील तर गडबड आहे. आणि दगड परत होता तसाच ठेवा प्लीज, त्यांचं घर आहे ते.

काठावरची: पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट जमलं तर घ्याच, लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास होतो. पण वेळ एकच ठेवा हां, रात्रभर शेवाळपण ऑक्सिजन वापरतं म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो नि दुपारी वाढतो, त्यामुळे सकाळचा आकडा दुपारच्याशी जुळवण्यात अर्थ नाही.

नवखा_निरीक्षक: भारी! मग रविवारी किड्यांपासूनच सुरू करतो. पाऊस झाला तर?

पाणकिडा: पाणी चढलेलं असेल तर उतरूच नका, काठावरून गढूळपणाची नोंद करा.