गव्याइतकाच उंबरही मोलाचा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाचा डोलारा गव्यावर उभा आहे, असं म्हटलं जातं. गवा मोलाचा आहेच, पण वड-उंबर-नांद्रुक ही एकाच गटातली झाडं विसरून चालणार नाही. बाकीची फळं संपलेली असतात तेव्हाही यातलं कुठलं ना कुठलं झाड लगडलेलं असतं, आणि हरियाल, धनेश हे पक्षी आणि शेकरू त्यावरच निभावतात.

उंबर फोडलं की दिसणारे ते चिलटाएवढे कीटक म्हणजेच या झाडांच्या फळण्याची किल्ली. मादी फळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते, त्यात तिचे पंख बहुधा तुटतात. आत ती परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतली मादी बाहेर पडल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला कोवळ्या फळांवर आलेलं त्याच जातीचं दुसरं झाड गाठावं लागतं. म्हणून रस्ता रुंदीकरणात चार जुने उंबर गेले, तर उरलेल्यांचंही फळणं धोक्यात येऊ शकतं.

राधानगरीकडे वडाच्या फांद्या लावणार असाल तर मनगटाएवढ्या जाड, सहा-सात फुटी, पावसाच्या तोंडावर लावा. मात्र सगळ्या एकाच झाडाच्या नकोत! त्या एकाच वेळी फळण्याची शक्यता जास्त, मग मधल्या काळात कीटकांना थारा नाही.