मसूद अझहर: इतक्या याद्यांत नाव, तरी मोकळा कसा?

(मुंबईतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा. नावांऐवजी फ्लॅट क्रमांक दिलेत.)

ए-२०३: जैश-ए-मोहम्मद या पाकिस्तानी दहशतवादी संघटनेचा म्होरक्या मसूद अझहर मेला असा मेसेज सकाळपासून फिरतोय. खरं आहे का?

सी-५०१: ताई, पुढे पाठवू नका. मार्च २०१९ मध्येही तो मेल्याची बातमी अशीच पसरली होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ मे २०१९ ला, संयुक्त राष्ट्रांनी त्याला जागतिक दहशतवादी ठरवलं.

ए-२०३: मग खात्री कुठे करायची? त्या यादीत नाव आहे म्हणजे जिवंत, असं धरायचं का?

सी-५०१: तसंही धरता येत नाही. माणूस मेला तरी यादीतलं नाव आपोआप निघत नाही. एखाद्या देशाला मृत्यूचा पुरावा जोडून नाव काढण्याची विनंती करावी लागते. नाव काढलं की ही यादी सांभाळणाऱ्या, सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीचं पत्रक निघतं. तसं पत्रक किंवा आपल्या सरकारचं अधिकृत निवेदन दिसत नसेल, तर मेसेज तिथेच थांबवा.

डी-१०२: मला एक कळत नाही. हा माणूस आपल्या तुरुंगात होता. एवढा मोठा झाला कधी?

बी-३०४: सुरुवातीपासून सांगतो, लांबेल. जन्म १९६८ चा, पाकिस्तानातल्या बहावलपूरचा. वडील शिक्षक. कराचीच्या बिनोरी टाउन मदरशात शिकला. त्याचं नाव झालं ते भाषणांमुळे आणि लेखणीमुळे. हरकत-उल-मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचं मासिक चालवायचा, पैसे आणि पोरं गोळा करायला परदेश दौरे करायचा, १९९३ मध्ये ब्रिटनलाही जाऊन आला. म्हणून त्याला नुसता बंदूकवाला समजू नका. भरती आणि वर्गणी हे त्याचं मूळ काम.

जानेवारी १९९४ मध्ये तो ढाक्याहून दिल्लीत उतरला तो पोर्तुगालच्या पासपोर्टवर. त्यावर नाव वली आदम इसा. विमानतळावरचा अधिकारी म्हणाला, तुम्ही पोर्तुगीज दिसत नाही. यानं सांगितलं, मी मूळचा गुजराती. शिक्का पडला. पुढच्याच महिन्यात हरकतचा कमांडर सज्जाद अफगाणी याच्याबरोबर अनंतनागजवळ पकडला गेला.

डी-१०२: आणि १९९९ मध्ये सोडला.

बी-३०४: हो. त्याआधी १९९५ मध्ये काश्मीरमधून परदेशी पर्यटक पळवून त्याची सुटका मागितली होती. तेव्हा जमलं नाही. २४ डिसेंबर १९९९ ला इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान काठमांडूहून दिल्लीला निघालं आणि पळवलं गेलं. अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहार. पाच अपहरणकर्त्यांत मसूदचा सख्खा भाऊ होता. सुरुवातीची मागणी ३६ कैदी, २० कोटी डॉलर आणि तुरुंग फोडताना मेलेल्या सज्जाद अफगाणीचा मृतदेह. वाटाघाटीत हे तिघांवर आलं: मसूद, उमर शेख, मुश्ताक झरगर. ३१ डिसेंबरला तिघांना सोडलं. महिनाभरात त्यानं जैश-ए-मोहम्मद काढली.

ए-२०३: रूपिन कत्यालला विसरू नका. नवीन लग्न झालेला मुलगा, त्याच विमानानं बायकोबरोबर परतत होता. त्याला भोसकून मारलं. या गोष्टीत मसूदचं नाव सगळ्यांना पाठ असतं, त्या मुलाचं कोणाला आठवत नाही, याचा मला फार त्रास होतो.

बी-३०४: अगदी बरोबर बोललात ताई.

ई-६०४: यात मुंबईचाही धागा आहे. विमान कंदाहारला उभं होतं तेव्हाच मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं इथून पाकिस्तानात होणाऱ्या फोनचा माग काढून साथीदार पकडले. खोट्या कागदांवरचे भारतीय पासपोर्ट इथेच बनले होते. त्यातल्या अब्दुल लतीफला २००८ मध्ये जन्मठेप झाली. भाडेकरूची पोलिसांत नोंद करायला आपल्याकडे कुरकुर होते, म्हणून मुद्दाम सांगतोय.

ए-७०१: सगळं खरं, पण चीननं व्हेटो वापरला म्हणून तो इतकी वर्षं वाचला ना?

सी-५०१: दादा, तो व्हेटो नव्हता. १२६७ समितीत मतदान होतच नाही. परिषदेचे १५ सदस्य असतात, त्यांच्यापुढे नाव फिरवतात. कामाच्या १० दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर नाव चढतं. एकानंही ‘थांबा, माहिती हवी’ म्हटलं की प्रस्ताव अडकतो. ही अडवणूक सहा महिने, वाढवून नऊ महिने चालते आणि कारण जाहीर सांगावं लागत नाही. नऊ महिने संपताना सरळ आक्षेप घेतला की प्रस्ताव बाद, पुन्हा पहिल्यापासून. २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावरच्या हल्ल्यानंतर नेमकं हेच झालं. २००९, २०१६, २०१७ आणि मार्च २०१९ असं चार वेळा अडलं.

संघटना मात्र १७ ऑक्टोबर २००१ पासून यादीत होती. म्हणजे दुकान बेकायदा आणि मालक मोकळा, असं साडेसतरा वर्षं.

ए-७०१: मग २०१९ मध्ये कसं जमलं?

सी-५०१: पुलवामात १४ फेब्रुवारीला ४० जवान गेले, त्यानंतर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सनं जोर लावला. पण शेवटी कारणांच्या टिपणात पुलवामाचा उल्लेख नाही. अल कायदाशी संबंध, पैसा, भरती, शस्त्रं एवढंच आहे. ही यादी मुळात अल कायदा आणि आयसिसशी जोडलेल्यांची आहे, त्यामुळे तिथे तोच दुवा दाखवावा लागतो.

डी-१०२: नाव चढल्यावर अटक का नाही?

सी-५०१: कारण त्यात अटक येतच नाही. तीन गोष्टी येतात: मालमत्ता गोठवणं, प्रवासबंदी, शस्त्रबंदी. त्याही राबवायच्या तो राहतो त्या देशानं. वर घरखर्चाची सवलत असते. हाफिज सईदला २०१९ मध्ये पाकिस्तानच्या विनंतीवरून गोठवलेल्या खात्यातून महिन्याला दीड लाख पाकिस्तानी रुपये काढायला समितीनं मंजुरी दिली. कोणी हरकत घेतली नाही म्हणून. २६/११ च्या गुन्हेगाराला! मुंबईकराला हे पचणं अवघड आहे.

ए-७०१: आणि रेड कॉर्नर नोटीस?

ई-६०४: ती पकड वॉरंट नव्हे. आपल्याकडून सीबीआय इंटरपोलला विनंती करते, इंटरपोल ती सगळ्या देशांना कळवतं. पकडायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पठाणकोट प्रकरणात २०१६ मध्ये मसूदवर निघाली होती. पाकिस्तानशी आपला प्रत्यार्पण करार नाही, त्यामुळे ती तिथेच पडून राहिली.

एफ-४०२: बँकेच्या बाजूनं सांगते. खातं उघडताना नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीशी ताडून पाहणं बँकांना बंधनकारक आहे. घोळ नावात होतो. याच माणसाच्या नोंदीत मसूद, मसुद, वली आदम इसा असे पर्याय आहेत आणि जन्मतारखा दोन, १० जून आणि १० जुलै. स्पेलिंगचं एक अक्षर बदललं की खरा निसटू शकतो आणि भलत्याच नावसाधर्म्यवाल्याचं खातं अडकू शकतं. म्हणून जन्मतारीख, जन्मगाव, पासपोर्ट क्रमांक एकत्र पाहतात.

संघटनाही तेच करते. पाकिस्ताननं २००२ मध्ये जैशवर बंदी घातली, तर खुद्दाम-उल-इस्लाम नावानं उभी राहिली. देणग्यांसाठी अल रहमत ट्रस्ट. तो अमेरिकेनं २०१० मध्ये काळ्या यादीत टाकला.

डी-१०२: मग खरा दाब कशाचा पडला?

एफ-४०२: माझ्या मते एफएटीएफच्या करड्या यादीचा. एफएटीएफ म्हणजे दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था, आणि करडी यादी म्हणजे त्यात कमी पडणाऱ्या, नजरेखाली ठेवलेल्या देशांची. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तान त्यात होता, एकूण ३४ मुद्दे पूर्ण करायचे होते. परदेशी कर्ज आणि बँक व्यवहारांना झळ बसली तेव्हा सईदला शिक्षा झाली. जानेवारी २०२१ मध्ये गुजराँवालाच्या कोर्टानं मसूदवरही वॉरंट काढलं. अटक नाही. पुढच्या वर्षी पाकिस्तान म्हणाला, तो अफगाणिस्तानात आहे. तालिबाननं इन्कार केला.

बी-३०४: आणि ७ मे २०२५ ला भारतानं बहावलपूरच्या जैशच्या तळावर हल्ला केला, तेव्हा त्याच्या नावानं निवेदन आलं की घरातले दहा जण गेले.

ए-२०३: आजचा मेसेज त्याचाच जुना तुकडा दिसतोय. खाली ‘घरातले दहा जण’ असंच लिहिलंय, तारीख खोडलीय. मी माहेरच्या ग्रुपवर टाकला होता, काढते.