कार्ड आधी दिसतं, मग फिकट होतं, मग परत उजळतं: जीसॅप आणि ट्रान्झिशनची भानगड

शाहूपुरी_तिसरी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या एका जुन्या दुकानाची वेबसाइट करायलोय. पहिल्या पानावर आठ कार्डं आहेत: कापशी, बक्कलनाली, पुकरी, कचकडी, असं चपलेच्या एकेका प्रकाराचं एकेक. मालकांचं म्हणणं एवढंच, की पान खाली सरकवेल तशी ही कार्डं एकामागून एक खालून वर यावीत, आणि माउस नेला की कार्ड जरासं उचललं जावं. वेणीचं आणि गोंड्याचं काम डोळ्यात भरलं पाहिजे.

खालून वर आणायचं काम जीसॅपला (हालचाली करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) दिलंय. फ्रॉम (दिलेल्या अवस्थेतून आत्ताच्या अवस्थेत आणणारी आज्ञा) वापरलंय: वाय (उभं अंतर) ६०, ओपॅसिटी (किती ठळक दिसतं ते) ०, ड्युरेशन ०.६ सेकंद, स्टॅगर (एकामागच्या एक कार्डांमधलं अंतर) ०.०८ सेकंद. माउसचं काम सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा): होव्हरला, म्हणजे माउस वर असताना, ट्रान्सलेट-वाय (वर-खाली सरकवणं) उणे ६ पिक्सेल आणि सावली. कार्डावर 'ट्रान्झिशन: ऑल ०.३५ सेकंद ईझ' अशी ओळ आहे. ती टेम्प्लेटमधूनच आलीय.

आता व्हायलंय काय बघा. कार्डं शून्यातून यायला पाहिजेत, पण ती आधी पूर्ण दिसतात, मग फिकट होत खाली सरकतात, आणि मग रखडत वर येतात. त्यातही गंमत म्हणजे पहिलं कापशीचं कार्ड जेमतेम फिकट होतं, पण शेवटची दोन-तीन पार गायब होऊन परत येतात. कोड सगळ्यांना एकच! शिवाय पान पटापट वर-खाली केलं, की ऑब्झर्व्हर (कार्ड पडद्यावर आलं का ते बघणारा कोड) तीच फ्रॉम पुन्हा चालवतो आणि एखादं कार्ड अर्धवट फिकटच राहतं. रिफ्रेश केल्याशिवाय जाग्यावर येत नाही.

ड्युरेशन वाढवून बघितलं, ईझ बदलून बघितलं, स्क्रिप्ट पानाच्या शेवटी नेली. काही फरक नाही. जीसॅपचं चुकतंय का सीएसएसचं, हेच कळेना झालंय. कुणी वाट दाखवेल काय?

रंकाळा_टॉवर

भावा, माझ्या मते फोन-लॅपटॉपवर लोड पडतोय. कार्डाला विल-चेंज लाव ट्रान्सफॉर्मचं (सरकवणं-फिरवणं-मोठं करणं), म्हणजे ब्राउझर आधीच तयारीत राहील. आणि ओपॅसिटीला इम्पॉर्टंट (हा नियम वरचढ, असं सांगणारा शब्द) देऊन बघ, म्हणजे स्क्रिप्टचंच चालेल.

ताराराणी_चौक

इम्पॉर्टंट देऊ नका. स्टाइलशीटमधला इम्पॉर्टंट साध्या इनलाइन (थेट एलिमेंटवर लिहिलेल्या) स्टाइलच्या वर बसतो. जीसॅप इनलाइन स्टाइलच लिहितं, म्हणजे कार्डाची ओपॅसिटी बदलायचीच बंद होईल. उलट, चालू असलेली ट्रान्झिशन कॅस्केडमध्ये (कुणाचा नियम चालणार ते ठरवणाऱ्या क्रमात) सगळ्यात वर असते, इम्पॉर्टंटच्याही वर. त्यामुळे त्या वाटेने ती कधीच हटत नाही. विल-चेंजचा इथे संबंध नाही, मशीनवर लोड नाहीये.

शाहूपुरी, तुमच्या लक्षणातच उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. हा प्रकार नीट कळला तर पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडेल.

जीसॅप काय करतं? दर फ्रेमला, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर साधारण १६.७ मिलिसेकंदांनी, इनलाइन ओपॅसिटी आणि ट्रान्सफॉर्म नव्याने लिहितं. ०.०२, ०.०५, ०.०९ असं. स्क्रिप्टची अपेक्षा ही, की लिहिलेली किंमत त्याच क्षणी पडद्यावर यावी. पण तुम्ही ब्राउझरला आधीच सांगून ठेवलंय, की या कार्डाची कुठलीही किंमत बदलली तर ती ०.३५ सेकंदांत सावकाश बदल. 'ऑल' म्हणजे ओपॅसिटी आणि ट्रान्सफॉर्मसुद्धा आले. मग ब्राउझर इमानाने ट्रान्झिशन सुरू करतो. पुढच्या फ्रेमला स्क्रिप्ट नवी किंमत लिहितं, की चालू ट्रान्झिशन मोडते आणि पडद्यावर जिथे असेल तिथून नवी सुरू होते. ईझची सुरुवात संथ असते. ३५० मिलिसेकंदांच्या ट्रान्झिशनमध्ये एका फ्रेमभरात जेमतेम तीन टक्के अंतर कापलं जातं, तेवढ्यात पुन्हा मोडतोड. एका बैलाचा कासरा दोघांच्या हातात, अशी त्या कार्डाची गत आहे. स्क्रिप्ट आपलं ०.६ सेकंदांत काम संपवून मोकळं होतं, कार्ड मात्र त्यानंतर ०.३५ सेकंद रखडत येतं.

आता पहिलं आणि शेवटचं कार्ड वेगळं का वागतं ते बघा. फ्रॉम सुरू होताक्षणी आठही कार्डांना एकदमच ओपॅसिटी ० लिहिते, स्टॅगरची वाट बघत नाही. पण ट्रान्झिशनमुळे ती लगेच ० होत नाहीत, १ कडून ० कडे हळूहळू निघतात. पहिल्या कार्डाला स्क्रिप्ट पुढच्याच फ्रेमला परत वर ओढायला लागतं, म्हणून ते थोडंसंच फिकट होतं. आठव्या कार्डाचा नंबर ०.५६ सेकंदांनी येतो. तोवर ०.३५ सेकंदांची ट्रान्झिशन आरामात पूर्ण होते, म्हणून ते पार गायब होतं. तुम्ही हे निरीक्षण लिहिलंत म्हणून मला खात्रीने सांगता येतंय, नाहीतर 'कार्ड लटपटतं' एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकलं नसतं.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः पडताळा. क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या एलिमेंट्स टॅबमध्ये शेवटचं कार्ड निवडा. स्टाइल ॲट्रिब्यूट चमकत राहील, त्यातले आकडे पळताना दिसतील. शेजारच्या कम्प्युटेड टॅबमध्ये ओपॅसिटी बघा. इनलाइनमध्ये १ झालं तरी तिथे ०.७-०.८ दिसत असेल, तर दुसरं कुणीतरी मध्ये बसलंय. मग कार्ड हलत असतानाच कन्सोलमध्ये निवडलेल्या एलिमेंटवर गेट-अ‍ॅनिमेशन्स चालवा. जीसॅप ब्राउझरची वेब अ‍ॅनिमेशन यंत्रणा वापरत नाही, म्हणून जीसॅपच्या हालचाली त्या यादीत येतच नाहीत. त्यामुळे यादीत सीएसएस-ट्रान्झिशन दिसली, तर ती शंभर टक्के स्टाइलशीटची. तिच्या आत ट्रान्झिशन-प्रॉपर्टी बघितली, की कुठल्या प्रॉपर्टीवर झटापट चाललीय तेही कळतं.

उपाय एका ओळीचा आहे. 'ऑल' काढा आणि जे खरंच सीएसएसने हलवायचंय तेवढंच लिहा: ट्रान्झिशन: बॉक्स-शॅडो ०.३५ सेकंद, बॅकग्राउंड-कलर ०.३५ सेकंद. ओपॅसिटी आणि ट्रान्सफॉर्म त्या कार्डावर स्क्रिप्टची, सीएसएसने त्यांना हात लावायचा नाही.

अर्धवट फिकट राहणारं कार्ड हा मात्र वेगळा आजार आहे, त्याचं खापर ट्रान्झिशनवर फोडू नका. फ्रॉम ही 'तिथून आत्ताच्या किमतीपर्यंत' अशी चालते. आधीची चाल संपायच्या आत पुन्हा फ्रॉम मारली, तर 'आत्ताची किंमत' म्हणजे समजा ०.४. मग तीच शेवटची ठरते. फ्रॉम-टू वापरा आणि शेवटची किंमत स्वतः लिहा: ओपॅसिटी १, वाय ०.

शाहूपुरी_तिसरी

ताई, लै मोठं काम केलंत! ऑल काढलं आणि कार्डं लोण्यासारखी वर आली. कम्प्युटेडमध्ये तुम्ही म्हणालात तस्संच दिसत होतं, इनलाइन १ आणि कम्प्युटेड ०.७२. फ्रॉम-टूनं अर्धवट कार्डाचाही निकाल लागला.

पण दोन गोष्टी अजून आहेत. एक, कार्ड वर येऊन थांबलं की होव्हरला सावली पडते, पण उचललं जात नाही. दुसरी, वरच्या पट्ट्यात जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) गोल शिक्का आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला मानांकन मिळालं, ते मालकांना अभिमानाने दाखवायचंय. शिक्का सीएसएसच्या कीफ्रेम्सनी (टप्प्याटप्प्याने लिहिलेल्या हालचालीने) सावकाश फिरतो. तो लहानाचा मोठा होत यावा म्हणून स्क्रिप्टमधून स्केल दिलंय, पण स्क्रिप्ट चालल्याचा मागमूसही नाही. एररही नाही.

ताराराणी_चौक

दोन्हींचं मूळ एकच: ट्रान्सफॉर्म ही एकच प्रॉपर्टी आहे. सरकवणं, फिरवणं, मोठं करणं हे सगळं तिच्या एकाच किमतीत बसतं, त्यामुळे ज्याचा शब्द वरचढ, त्याचं पूर्ण चालतं. दोघांची बेरीज होत नाही.

कार्डाचं: काम संपल्यावर जीसॅप इनलाइन ट्रान्सफॉर्म तिथेच ठेवून जातं. इनलाइन होव्हरच्या नियमापेक्षा वरचढ, म्हणून उचलणं बंद. क्लिअर-प्रॉप्स देऊन शेवटी ट्रान्सफॉर्म पुसता येतो. पण तुमच्याकडे वर-खाली स्क्रोलला कार्डं पुन्हा पुन्हा येणार, शिवाय कार्ड येत असतानाच कुणी माउस नेला तर परत झटापट. त्यापेक्षा कार्डाभोवती एक रिकामा डिव्ह (एचटीएमएलची साधी चौकट) घाला. बाहेरचा डिव्ह स्क्रिप्टचा, आतलं कार्ड सीएसएसचं. मग आतल्या कार्डावर ट्रान्सफॉर्मची ट्रान्झिशन खुशाल ठेवा.

शिक्क्याचं: इथे क्रम उलटा लागतो. कीफ्रेम्स चालू असताना त्या साध्या इनलाइन स्टाइलच्या वर बसतात. स्क्रिप्ट दर फ्रेमला स्केल लिहितंय, ब्राउझर ते नोंदवतोय, पण पडद्यावर कीफ्रेम्सचाच ट्रान्सफॉर्म. एरर कशाला येईल, सगळं नियमानुसारच चाललंय. तोच उपाय: फिरणं आतल्या चित्राला, स्केल बाहेरच्या डिव्हला.

कुणीतरी सांगेल, की सीएसएसमध्ये आता ट्रान्सलेट, रोटेट, स्केल अशा सुट्या प्रॉपर्टी आहेत, त्या वापरा. आहेत, क्रोममध्ये २०२२ ला १०४ व्या आवृत्तीपासून आल्या आणि चांगल्या आहेत. पण जीसॅपच्या नव्या आवृत्त्या ट्रान्सफॉर्म हलवताना त्याच एलिमेंटवर ट्रान्सलेट: नन, रोटेट: नन, स्केल: नन असं इनलाइन लिहून टाकतात. त्यामुळे तुमचं होव्हरचं ट्रान्सलेट तिथेही हरतं. एक जादा डिव्ह घालायला कचरू नका.

कळंबा_नाका

विषय निघालाच आहे तर, स्क्रोलचं पण असंच होतं. बूटस्ट्रॅप ५ (तयार सीएसएसचा संच) मध्ये रूटला, म्हणजे अख्ख्या पानाला, स्क्रोल-बिहेव्हियर: स्मूथ असतं. जुन्या कोडमधलं जेक्वेरी लायब्ररीचं अ‍ॅनिमेट-स्क्रोलटॉप त्यावर चालवलं, की 'वर जा' बटण दाबल्यावर पान चिकटल्यासारखं सरकतं. स्क्रिप्ट प्रत्येक फ्रेमला थोडं थोडं सरकवतं आणि ब्राउझर त्या प्रत्येक पावलाला गुळगुळीत करायला बघतो. एकतर स्क्रोल-बिहेव्हियर ऑटो करा, नाहीतर जेक्वेरीची ओळ काढून साधं स्क्रोल-टू वापरा. मी दुसरं करतो. ब्राउझर जे फुकट देतोय त्यासाठी लायब्ररी कशाला?

हुपरीकर

पैंजणांच्या दुकानासाठी बोटाने ओढायचा स्लायडर केलाय, लायब्ररीशिवाय. बोट पुढे जातं, पट्टी मागून येते. वरचं वाचून कळलं की पट्टीवर ट्रान्झिशन आहे म्हणून. पण ती काढली तर बोट सोडल्यावर पट्टी धाडकन जाग्यावर बसते, तिथे ती हवीच आहे. आणि कधीकधी ट्रान्झिशन-एंड (ट्रान्झिशन संपल्याची ब्राउझरची सूचना) येतच नाही, मग स्लायडर लॉक होऊन बसतो. दुकानदार फोन करतात, की पैंजण पुढे सरकंना.

ताराराणी_चौक

हुपरीकर, तुम्हाला एकच प्रॉपर्टी दोघांना द्यायचीय, पण वेगवेगळ्या वेळी. ते जमतं. बोट टेकलं की पट्टीला 'ओढतोय' असा क्लास लावा, त्यात ट्रान्झिशन: नन. बोट उचललं की आधी तो क्लास काढा आणि मग शेवटची जागा लिहा. ट्रान्झिशन चालणार की नाही हे किंमत बदलते त्या वेळच्या स्टाइलवर ठरतं, म्हणून दोन्ही एकाच दमात केलं तरी चालतं.

उलट्या बाजूने मात्र चालत नाही. फिरत्या स्लायडरमध्ये शेवटच्या पैंजणावरून पहिल्यावर गुपचूप उडी मारायची असते. ट्रान्झिशन बंद, जागा बदल, ट्रान्झिशन चालू, हे तिन्ही एकापाठोपाठ लिहिलं तर ब्राउझरला फक्त शेवटची अवस्था दिसते आणि उडीचीच ट्रान्झिशन होते. मधे ऑफसेट-हाइट (पट्टीची उंची) एकदा वाचा. ती वाचायची तर ब्राउझरला तिथपर्यंतच्या स्टाइलचा हिशेब करावाच लागतो, आणि उडी अलगद होऊन जाते.

लॉकचं कारण बहुतेक असं. गिऱ्हाइकाने पट्टीला नुसतं बोट लावलं आणि उचललं. पट्टी होती तिथेच आहे, किंमत बदललीच नाही, म्हणून ट्रान्झिशन सुरूच झाली नाही आणि ट्रान्झिशन-एंड कुठून येणार? मधेच बोट पुन्हा टेकलं तर एंडऐवजी ट्रान्झिशन-कॅन्सल येतो. आणि आतल्या बटणाच्या रंगाची ट्रान्झिशन संपली तरी तिचा एंड बुडबुड्यासारखा वर पट्टीपर्यंत येतो, तेव्हा लॉक वेळेआधीच सुटतो. म्हणून टार्गेट पट्टीच आहे आणि प्रॉपर्टीचं नाव ट्रान्सफॉर्मच आहे हे तपासूनच पुढे जा. लॉक करण्याआधी जुनी आणि नवी जागा सारखी आहे का बघा, सारखी असेल तर लॉकच करू नका. कॅन्सललाही लॉक सोडा. आणि ट्रान्झिशन ३०० मिलिसेकंदांची असेल तर ४०० ला लॉक सोडणारा टायमर लावून ठेवा.

शाहूपुरी, तुमच्यासाठी एक राहिलं. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायची सेटिंग केलीय, त्यांच्यासाठी सीएसएसची प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशनची मीडिया क्वेरी लिहा. पण ती फक्त स्टाइलशीटला थांबवते, स्क्रिप्टला नाही. जीसॅपच्या मॅच-मीडियामध्ये तीच अट घाला आणि त्या लोकांना कार्डं थेट जाग्यावर दाखवा. चक्कर येणाऱ्या माणसाला पण चप्पल घ्यायची असते.

शाहूपुरी_तिसरी

डिव्ह घातला, दोन्ही चालायला लागलं. शिक्का फिरत फिरत मोठा होतोय. मॅच-मीडिया आज रात्री लावतो, आणि टेम्प्लेटच्या बाकीच्या फायलींत 'ट्रान्झिशन: ऑल' कुठं कुठं आहे ते शोधायला बसतो. मेनूत आणि फुटरमध्ये तर आत्ताच सापडलंय.