धीर देणं आणि समुपदेशन

"मैत्रिणीशी बोललं की मोकळं वाटतं, मग समुपदेशकाला पैसे कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. मैत्रीण हवीच. पण दोन आठवडे सतत उदास वाटणं, कशातच रस न उरणं, झोप-भूक बिघडणं हे नैराश्य असू शकतं. तिथे नुसता धीर पुरत नाही. "मी कुचकामीच" हा विचार कितपत खरा आहे, ते समुपदेशक तपासायला शिकवतात. अंघोळ, गच्चीवर दहा मिनिटं चालणं अशी छोटी कामं वेळ ठरवून करायला लावतात. उत्साह वाटेल मग उठू, असं या आजारात सहसा होत नाही. आधी उठावं लागतं, उत्साह हळूहळू मागून येतो. त्रास तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची औषधंही लागतात, ती मनाने बंद करू नका. आणि जीव नकोसा झाला असेल तर कृपया आत्ताच १४४१६ वर बोला. टेलिमानस ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे.