मदत हवी आहे: परदेशी कार्डावरच्या ऑर्डरी आणि चार्जबॅक

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी बहीण येवल्याच्या विणकरांकडून हातमागाच्या पैठण्या घेऊन आमच्या वेबसाइटवर विकतो. बरंचसं गिऱ्हाईक अमेरिका-इंग्लंडमधलं आहे. इथल्या कार्डांची मला फारशी धास्ती नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड खरेदीला जादा पडताळणी सक्तीची केली, त्यामुळे सहसा ओटीपीशिवाय पैसे हलत नाहीत. अमेरिकेत तशी सक्ती नाही. कार्डनंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे बरोबर असले की बहुतेक वेळा पेमेंट होऊन जातं.

मध्यंतरी अमेरिकन कार्डावर एकदम तीन भारी पैठण्यांची ऑर्डर आली, पत्ता भारतातलाच. एरवी आमचं गिऱ्हाईक शंभर प्रश्न विचारतं: काठ मुनिया आहे का, पदरावर बांगडीमोर आहे का, उजेडातला फोटो पाठवा. इथे विचारणा एकच, कुरियर आजच निघेल ना? दोनेक महिन्यांनी कार्डाच्या खऱ्या मालकाने बँकेत तक्रार केली आणि चार्जबॅक आला, म्हणजे बँकेने ते पैसे आमच्याकडून परत ओढून घेतले. डिलिव्हरीची सही दाखवली, उपयोग झाला नाही. साड्या गेल्या, पैसे गेले, वर गेटवेचं (साइटवर कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं) शुल्क. विणकरांचे पैसे तर आम्ही आधीच चुकते केलेले असतात, आणि ते तसेच करायला हवेत.

सगळीकडे सल्ला एकच मिळतो: बिलाचा पत्ता आणि पाठवायचा पत्ता वेगळा असेल तर ऑर्डर घेऊ नका. पण न्यू जर्सीतली लेक पुण्यातल्या आईच्या साठीला पैठणी पाठवते, हाच तर आमचा धंदा! तिला नाही कसं म्हणायचं? जाणकारांनी कृपया मार्ग सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी पेमेंटच्या क्षेत्रात काम करतो. दोन पत्ते वेगळे असले म्हणून ऑर्डर नाकारू नका. तपासायचं ते वेगळंच: गिऱ्हाइकाने भरलेला बिलाचा पत्ता त्याच्या बँकेतल्या नोंदीशी जुळतो का? याला एव्हीएस म्हणतात. अमेरिका, कॅनडा, इंग्लंडच्या कार्डांवर ते चालतं, घराचा नंबर आणि पिनकोड ताडून बघतं. तुमची न्यू जर्सीची लेक यातून सहज पार होईल. चोरट्याकडे नुसता कार्डनंबर असेल तर तो इथेच अडकेल. अर्थात चोरीच्या माहितीत कधी कधी पत्ताही असतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

दुसरं, परदेशी कार्डांनाही थ्रीडी सिक्युअर, म्हणजे आपल्या ओटीपीसारखी बँकेची जादा पडताळणी, लावायला गेटवेला सांगा. त्या पडताळणीतून गेलेल्या व्यवहारावर 'ही खरेदी मी केलीच नाही' अशी तक्रार आली, तर भुर्दंड सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. 'माल मिळाला नाही' या तक्रारीला मात्र हे संरक्षण नाही, तिथे तुमची कुरियरची सहीच कामाला येते.

प्रतिसाद २

आमचं हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचं दुकान आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या नव्या परदेशी गिऱ्हाइकाला आम्ही व्हिडिओ कॉलवर माल दाखवतो. खरं गिऱ्हाईक खूश होतं, भामटा कॉल घेतच नाही. आणि एक, सगळ्यात स्वस्त वस्तूवर पाठोपाठ फेल पेमेंट दिसायला लागली की कोणीतरी चोरीची कार्डं चालतात का ते तुमच्या साइटवर तपासतंय असं समजा. चेकआउटला कॅप्चा लावा, एका आयपीवरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, किती वेळा प्रयत्न करता येईल त्यालाही मर्यादा घाला. 'जादा पैसे आले, दुसऱ्या खात्यावर परत करा' असा निरोप आला तर अजिबात करू नका. रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. एव्हीएसचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, उद्याच गेटवेशी बोलते. व्हिडिओ कॉल तर आम्हाला आवडेलच, पैठणी दाखवण्याचीच वस्तू आहे. पण वेळेच्या फरकामुळे कॉल दुसऱ्या दिवशी झाला, तर तोवर पैसे घेऊन ठेवायचे का?

प्रतिसाद १

घेऊ नका. रक्कम कार्डावर नुसती राखून ठेवता येते, खात्री पटली की मग 'कॅप्चर' करायची, म्हणजे प्रत्यक्ष घ्यायची. गेटवेच्या सेटिंगमध्ये आपोआप कॅप्चर चालू असेल तर परदेशी कार्डांपुरतं बंद करता येतं का ते विचारा. राखून ठेवायची मुदतही तिथेच कळेल. ती उलटायच्या आत निर्णय घ्या, नाहीतर रक्कम गिऱ्हाइकाकडे परत जाते.